वर सरकवलेली ओळ

माझ्या मुलीला इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती आणि तिनं ती घेतली नाही, ही बातमी स्टुटगार्टच्या आसपासच्या मराठी मंडळींत बरीच फिरली. फिरता फिरता तिला हातपाय फुटले. कोणी म्हणालं, पोरीचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, इथं वाढलेली मुलं अशीच, त्यांना कशाची किंमत नाही. कोणी म्हणालं, आईनंच शेफारवून ठेवलीय. खरं काय झालं ते मी सांगते, कारण त्यात माझा हात आहे आणि तो हात मी पदराखाली लपवणार नाही.

आम्ही गेर्लिंगेनला राहतो. नवरा इथल्याच एका मोठ्या कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर. मी दुसऱ्या कंपनीत ब्रेकच्या कंट्रोल युनिटांच्या चाचण्या घेते. दिवसभर टेस्ट बेंचसमोर उभी असते आणि नव्या पोरापोरींवर ओरडत असते की आधी मॅन्युअल वाचा, मग बटण दाबा. मुलगी चार वर्षांची असताना आम्ही पुण्याहून आलो. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तरं जर्मनमधून देते. भांडताना मात्र मराठीत येते, कारण जर्मनमध्ये भांडलं की निम्मं माझ्या डोक्यावरून जातं आणि मग तिला भांडल्याचं समाधान मिळत नाही.

गेल्या वर्षी ती आबिटूर झाली, म्हणजे इथली बारावी. इथं मार्क उलटे मोजतात, एक म्हणजे सगळ्यात वर. हिला एक पूर्णांक एक. निकाल लागला त्या रविवारी नवऱ्याचे मोठे भाऊ आणि जाऊबाई लुडविग्सहाफेनहून दोन तास गाडी चालवून आले. भाऊजी तिकडे केमिकल कारखान्यात आहेत, वीस वर्षांपूर्वी आले आणि त्यांच्याच भरवशावर आम्ही आलो. माणूस चांगला. माझ्या मुलीला सायकल त्यांनी शिकवली, पोहायला त्यांनी नेलं. फक्त त्यांचा एक स्वभाव आहे, ते प्रश्न विचारत नाहीत, प्रश्नाच्या चालीवर उत्तर सांगतात.

"मग, एरोस्पेस ना?" ते म्हणाले.

एरोस्पेस इंजिनिअरिंगचं विद्यापीठ आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. जागा मोजक्या, मार्क लागतात चिक्कार. आमच्या ओळखीत आजवर एकाच घरातला मुलगा तिथं लागला होता आणि त्याची आई अजून त्या कौतुकातून बाहेर आलेली नाही.

"नाही काका," मुलगी म्हणाली. "मी अजून ठरवलेलं नाही. आल्झो, म्हणजे, मी अशा ठिकाणी अर्ज करणार आहे जिथं न ठरवता जाता येतं."

तिनं समजावून सांगितलं. एका जुन्या विद्यापीठात चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पहिलं वर्ष विषय निवडायचाच नाही. फिजिक्सही करायचं, इतिहासही, भाषाही, आणि वर्षअखेरीस सांगायचं की आता यातलं हे. इथं असं फार कमी ठिकाणी चालतं, म्हणून तिथंही जागा मोजक्याच. तिला फिजिक्स आवडतं, शाळेच्या नाटकांचं लायटिंग ती तीन वर्षं करत होती, आणि मैत्रिणीच्या आजीच्या स्वयंपाकघरात बसून ती टर्किश शिकली होती. या तिन्हीतलं काय सोडायचं ते तिला कळत नव्हतं आणि कळत नाही असं ती चारचौघांत सांगत होती, मान खाली न घालता.

"एक पूर्णांक एक घेऊन न ठरवता जाणार?" भाऊजी म्हणाले. "अगं, एवढे मार्क मातीत घालणार का?"

"मार्क तिचे आहेत भाऊजी," मी म्हटलं. "मातीत घालू दे नाहीतर लोणच्यात."

जाऊबाई हसल्या, भाऊजी हसले नाहीत. नवरा माझ्याकडे बघत बसला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मुलीनं टेबलाखालून माझा हात दाबला.

मी तिच्या बाजूनं का उभी राहिले, त्याचं कारण जुनं आहे. आमच्या वेळी पुण्यात इंजिनिअरिंगचे प्रवेश समोरासमोर व्हायचे. मोठा हॉल, पुढे फळा, फळ्यावर शाखांची नावं आणि प्रत्येकीपुढे उरलेल्या जागांचा आकडा. मेरिट नंबर पुकारायचे. एकेक जण पुढे जायचा, टेबलावर सही करायचा, आणि एक माणूस डस्टरनं आकडा पुसून एकानं कमी करायचा. मी बाबांच्या शेजारी बसले होते. काय घ्यायचं ते ठरलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं, जिथं नंबर पोचेल ते घ्यायचं एवढंच माहीत. माझा नंबर आला तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सपुढे एक उरला होता. बाबा म्हणाले, "पळ, संपतंय." मी खरंच पळाले. सेलमध्ये शेवटची साडी दुसरीच्या हातात जाऊ नये म्हणून बाई धावते ना, तशी. साडीचा रंग घरी येऊन बघितला.

मला माझं काम येत नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. बावीस वर्षं करतेय, चांगलं करतेय. आवडतं का, असं विचारलंत तर मी गप्प बसेन. आवडत नाही असं नाही. पण आवडतं की नाही हे आधी विचारायचं असतं, नंतर विचारून त्याचा काय उपयोग. म्हणून मुलगी "ठरलं नाही" म्हणाली तेव्हा मला तिचा हेवा वाटला आणि अभिमानही, दोन्ही एकदम.

नवऱ्याचं म्हणणं, दोन्हीकडे अर्ज कर. त्यात काय जातंय. इथं अशा मोजक्या जागांचे अर्ज एकाच सरकारी पोर्टलवरून जातात, आणि सगळे अर्ज टाकले की त्यांचा क्रम लावायचा असतो, सगळ्यात हवं ते वर. आठवडाभर वाद झाला. शेवटी मुलगी म्हणाली, ठीक आहे, करते, पण एरोस्पेस खाली, दोन नंबरला. आणि नंतर कोणी त्याविषयी बोलायचं नाही. नवरा हो म्हणाला. मीही हो म्हटलं. जुलैच्या मध्यावर मुदत संपायच्या आत तिनं दोन्ही अर्ज भरले, वर तिचा, खाली आमचा, आणि ऑगस्ट लागताच मैत्रिणींबरोबर उत्तरेला समुद्रावर तंबू घेऊन गेली.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिचा फोन आला. पोर्टलवर चढवलेल्या मार्कलिस्टचं एक पान कापलं गेलंय, पुन्हा चढवायला सांगितलंय, आणि तंबूत इंटरनेट धड चालत नाही. "मम्मा, तू करशील? लॅपटॉप टेबलावर आहे. फक्त ते पान." तिनं पासवर्डही सांगितला. मी म्हटलं, करते गं, दोन मिनिटांचं काम. नवरा बाजारात गेला होता. मी पान स्कॅन केलं, चढवलं, हिरवी खूण आली. काम झालं. तिथंच उठायला हवं होतं.

उठले नाही. पानाच्या डाव्या बाजूला "क्रम" असा शब्द होता आणि मी त्याच्यावर गेले. दोन ओळी. प्रत्येक ओळीपुढे एक बाण, वर-खाली सरकवायला. क्रम बदलायला अजून काही दिवस आहेत असंही तिथं लिहिलं होतं.

आता हे पुण्यामुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात एक वाक्य असतं. "मेडिकलला मिळत होतं, पण घेतलं नाही." कोणाचा मामा म्हणतो, कोणाची मावशी. खरं किती, खोटं किती, कोणी तपासत नाही, पण त्या वाक्याच्या जिवावर माणूस आयुष्यभर लग्नाकार्यात ताठ मानेनं बसतो. सासूबाई दर दोन दिवसांनी पुण्याहून व्हिडिओवर विचारत होत्या, "काय गं, मार्क फुकट जाणार का?" मी त्यांना उत्तरं देऊन देऊन थकले होते. मला माझ्या मुलीसाठी ते वाक्य हवं होतं. एरोस्पेसला मिळत होतं, पण घेतलं नाही. बस, एवढंच. मग जाऊ दे तिला हवं तिकडे, मी स्वतः तिच्या बॅगा भरल्या असत्या.

आणि माझा हिशेब आपल्याकडचा होता. फॉर्म भरताना सगळ्यात अवघड ते वर टाकायचं. मिळालं तर मिळालं, नाहीतर खालचं कुठं पळतंय. आमच्या वेळी एक जागा हातात ठेवून वरच्या जागेची वाट बघता यायची, हातातलं सुटत नसे. एरोस्पेस दोन नंबरला ठेवलं तर हिला ते नकोच आहे असं समजून तिथले लोक अर्ज विचारातच घेणार नाहीत आणि मिळालं असतं की नाही ते कधीच कळणार नाही, असं मला वाटलं. वर ठेवलं तर दोन्हीकडून पत्र येईल, आणि तिला निवडता येईल.

मी बाण दाबला. ओळ वर सरकली. एक पिवळी चौकट उघडली, तिच्यात चार ओळी जर्मन आणि खाली बटण, "समजलं". मी बटण दाबलं. चार ओळी वाचल्या नाहीत. वाचायला किती वेळ लागला असता, अर्धं मिनिट. बावीस वर्षं दुसऱ्यांवर ओरडणाऱ्या बाईनं ते अर्धं मिनिट दिलं नाही. विसरले म्हणून दिलं नाही की वाचलं तर थांबावं लागेल म्हणून दिलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या चार ओळींत काय लिहिलं होतं ते पुढच्या आठवड्यात कळलं. वरच्या पसंतीची जागा मिळाली की खालचे सगळे अर्ज आपोआप रद्द होतात. निवडायला काही उरत नाही. पोर्टल समजून चालतं की जे वर ठेवलंय तेच तुम्हाला सगळ्यात जास्त हवंय. वेडं नाही ते. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतं एवढंच.

मुलीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कॉफी मशीनपाशी होते. ती गावात आली होती, तिनं मेल बघितली होती. आवाज बारीक झाला होता. "मम्मा, मला एरोस्पेसची त्सुलासुंग आलीय, प्रवेश. आणि दुसरा अर्ज गेलाय. तिथं लिहिलंय की तो प्रक्रियेतून बाद झाला. मम्मा, तू क्रमाला हात लावलास का?"

मी म्हटलं, "नाही गं."

तोंडातून निघून गेलं. माझ्या पाठीमागे दोन सहकारी दुधाविषयी बोलत होते, त्यांना मी वाट करून दिली, आणि मी नाही म्हटलं.  ती म्हणाली, "म्हणजे मीच चुकीचं क्लिक केलं असणार. अर्ज भरतानाच. मी किती मूर्ख आहे." आणि रडायला लागली. ही मुलगी आठवीनंतर माझ्यासमोर रडली नव्हती.

चार दिवस. मोजून चार दिवस मी गप्प बसले. ती समुद्रावरून त्याच रात्रीच्या गाडीनं परत आली, खोलीत बसून पोर्टलचे नियम वाचत राहिली, आपण कुठल्या दिवशी काय दाबलं ते आठवून वहीत लिहीत राहिली. मी तिच्या आवडीचं थालीपीठ केलं, ते तिनं खाल्लंही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जाऊ दे. माझी चूक आहे, मीच निस्तरते. एरोस्पेस घेते. नावनोंदणीला अजून दहा दिवस आहेत." नवऱ्याचा चेहरा उजळला. सासूबाईंनी पुण्यात शेजारी साखर वाटली. सगळं कसं जुळून आलं होतं. मी तोंड उघडलं नसतं तर माझी मुलगी आज एरोस्पेस शिकत असती, स्वतःच्या मूर्खपणावर विश्वास ठेवून.

रविवारी भाऊजी आणि जाऊबाई पेढे घेऊन आले. जाऊबाईंनी मिल्क पावडरचे घरी केलेले, वर केशराची काडी. मुलीनं पेढा हातात घेतला आणि म्हणाली, "काका, खरं म्हणजे चुकून झालंय. मी क्रम चुकीचा लावला."

भाऊजी म्हणाले, "अगं, चूक पथ्यावर पडली म्हणायची. कधी कधी आपल्यापेक्षा आपल्या बोटांना जास्त कळतं."

मुलगी हसली. ते हसू मी कधी विसरणार नाही. मोठ्यांना बरं वाटावं म्हणून हसतात ना मुलं, तसं. सहा वर्षांची असताना नको असलेला फ्रॉक घालून अशी हसायची.

"तिची बोटं नव्हती," मी म्हटलं. "माझी होती. मी सरकवली ती ओळ. शनिवारी, पान चढवलं तेव्हा. आणि तिनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

 जाऊबाईंनी पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं, का ते त्यांनाही माहीत नसेल. पहिला बोलला नवरा. "आता कशाला सांगितलंस? सगळं नीट होत होतं. आठ-नऊ दिवस गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"आणि मग? मग चार वर्षं गप्प बसू?" मी म्हटलं. भाऊजींसमोर मी नवऱ्याला नेहमी अहो-जाहो करते. त्या दिवशी केलं नाही. "तुला तुझ्या मुलीनं स्वतःला मूर्ख समजलेलं चालेल, एरोस्पेस मिळत असेल तर? मला नाही चालत. मला आधी चाललं, चार दिवस चाललं, त्याची मला लाज वाटते. आता नाही चालत."

मुलीनं पेढा बशीत ठेवला. ओरडली नाही. ओरडली असती तर मी सुटले असते. ती मराठीत बोलली, एकेक शब्द जागेवर ठेवत. "चार दिवस मी तुझ्या शेजारी बसून जेवत होते. चार दिवस तू बघत होतीस की मी शोधतेय." मग ती उठली, बॅग घेतली आणि मैत्रिणीकडे गेली, त्या टर्किश आजीच्या घरी.

त्या आठवड्यात मी त्या जुन्या विद्यापीठाला मेल लिहिली. मी आई आहे, हे मी केलंय, माझ्या मुलीची यात काही चूक नाही, तिचा अर्ज परत घ्या. तीन ओळींचं नम्र उत्तर आलं. तुमची मुलगी सज्ञान आहे, तिच्या अर्जाविषयी आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही. त्यात चूक काढायला जागा नव्हती. मी माझ्या ऑफिसच्या टेबलावर ते उत्तर तीनदा वाचलं आणि मला कळलं की या देशातल्या एका अनोळखी कारकुनाला जे कळतंय ते मला कळलं नव्हतं.

सहाव्या दिवशी मुलगी परत आली. बुटांसकट दारातच उभी राहून म्हणाली, "मी एरोस्पेस घेणार नाही. मी तिकडे स्वतः फोन केला होता. अर्ज परत येत नाही. काही जागा उरल्या तर सोडत काढतात, त्यात नाव टाकलंय. लागलं नाही तर पुढच्या वर्षी."

"रागाच्या भरात निर्णय घेऊ नकोस," नवरा म्हणाला.

"रागात नाही, बाबा. राग मम्माचा आहे, तो वेगळा ठेवलाय."

नावनोंदणीची मुदत एका मंगळवारी दुपारी संपली. नवरा त्या दिवशी घरून काम करत होता. बारा वाजेपर्यंत तीनदा तिच्या खोलीपाशी जाऊन आला. ती खिडकीत बसून सफरचंद खात होती. बारा वाजून गेले आणि एरोस्पेसची जागा गेली, दुसऱ्या कोणाला तरी, ज्याला ती खरंच हवी असेल त्याला. पुढे सोडतीतही तिचं नाव लागलं नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी भाऊजींचा फोन. बराच वेळ हळहळले आणि शेवटी समजुतीनं म्हणाले, "जाऊ दे. निदान सांगता तरी येईल, मिळत होतं पण घेतलं नाही."

मी ज्या वाक्यासाठी हे सगळं केलं ते वाक्य त्यांनी माझ्या हातात ठेवलं, अगदी प्रेमानं. मला ते नको झालं. "नाही भाऊजी, तसं नका सांगू," मी म्हटलं. "सांगायचंच असेल तर पूर्ण सांगा. तिला हवं होतं ते तिच्या आईनं घालवलं, आणि नको होतं ते घ्यायला तिनं नकार दिला. दोन्ही सांगा." ते म्हणाले, असं कोण सांगतं का. मी म्हटलं, मी सांगते.

आणि सांगितलं. सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एकीनं विचारलंच, "मग मुलीनं काय घेतलं?" मी म्हटलं, काही नाही घेतलं. "ड्रॉप का? आजारी वगैरे?" मी म्हटलं, ठणठणीत आहे. मी तिचा अर्ज बिघडवला, म्हणून बसलीय. तिच्या हातातला द्रोण तसाच राहिला. पुढचे दोन महिने मला कोणी काही विचारलं नाही, सगळे नवऱ्याला विचारायचे. तो बिचारा "बघू, बघू" म्हणत राहिला. मला कोणाची कीव नको होती आणि उपदेश तर त्याहून नको होता. अठरा वर्षांच्या पोरीनं "अजून माहीत नाही" म्हणणं हा गुन्हा नाही. तिला न विचारता तिचं ठरवणं, हा आहे. हे मी ज्याला त्याला ऐकवलं, आणि दर वेळी ऐकवताना पहिली आरोपी मीच होते, ते विसरले नाही.

वर्षभर ती एका छोट्या नाट्यगृहात दिवे लावायला जायची, आठवड्यातून तीन दिवस. उरलेल्या दिवसांत टर्किशचा वर्ग आणि वाचन. फेब्रुवारीत आम्ही दोघं तिचं एक नाटक बघायला गेलो. सगळं झाल्यावर नवरा तिला म्हणाला, "डावीकडचा दिवा जरा वाकडा लागलाय." ती म्हणाली, "मुद्दाम लावलाय, बाबा. तो माणूस खोटं बोलतोय, त्याचा अर्धा चेहरा अंधारात हवा होता." नवऱ्यानं परत जाऊन रंगमंचाकडे बघितलं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बरोबर होतं तिचं."

माझ्याशी ती बोलायची. नीट बोलायची, हसायचीही. पण काहीतरी कमी झालं होतं. पूर्वी काहीही झालं की स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर बसायची आणि मला सगळं ओतून द्यायची. आता ओट्यावर बसायची, पण आधी विचार करून बोलायची. मी तक्रार केली नाही. कोणत्या तोंडानं करणार.

या जुलैत तिनं पुन्हा अर्ज भरले. मला कळलं ते असं, की सकाळी मी डबा भरत होते आणि ती चहा ओतून घेत म्हणाली, "आल्झो, झालं. काल रात्री पाठवले."

"कुठे कुठे?" मी विचारलं. सवयीनं.

ती कपावर फुंकर घालत राहिली. "मम्मा, या वेळी मी सांगणार नाही. किती ठिकाणी, तेही नाही. वर काय आहे, तेही नाही. मिळालं की सांगेन."

मी डब्याचं झाकण लावलं. तिनं तीच जुनी जागा पुन्हा वर टाकली असेल, किंवा फिजिक्स, किंवा नाटक, किंवा एखाद वेळेस एरोस्पेससुद्धा, स्वतःच्या मनानं. यातलं काहीही असू शकतं आणि मला कळणार नाही. मला फार लागलं. तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार.

"वाईट वाटलं?" तिनं मराठीत विचारलं.

"हो. खूप."

"वाटू दे," ती म्हणाली. त्यात विष नव्हतं. कप विसळून ठेवला, माझ्या खांद्यावर एक चापट मारली, पाठीवर सॅक घेतली आणि ऊ-बानची ट्रेन पकडायला पळाली.

दुपारी मी लवकर घरी आले, तोच नवऱ्याचा त्याच्या ऑफिसातून फोन. "तुला तरी सांगितलं का तिनं? जरा विचार ना." मी म्हटलं, नाही विचारणार, आणि तूही विचारायचं नाहीस. तो पुटपुटला, मग बरं म्हणाला. फोन ठेवून मी धुतलेले कपडे घेऊन पॅसेजमधून निघाले. तिच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. टेबलावर लॅपटॉप उघडा, स्क्रीन चालू. ती विसरली होती की तिनं मुद्दाम ठेवला होता, मला माहीत नाही. तिचे कपडे मी दाराबाहेर जमिनीवर ठेवले आणि आत गेले नाही.